विस्तारित लिपिड तपासणी : दोन आकडे मोलाचे, बाकीचे भरतीचे

गेल्या महिन्यात एका खासगी प्रयोगशाळेचे विस्तारित लिपिड पॅकेज मी करून घेतले. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलबरोबर रक्तातील मेद वाहून नेणाऱ्या प्रथिनांचीही मोजणी करतो, असा या पॅकेजचा दावा आहे. त्यात अपोबी, अपोए-१ (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या, म्हणजे एचडीएलच्या, कणांवरील मुख्य प्रथिन), या दोहोंचे गुणोत्तर, लिपोप्रोटीन (ए), अपोई जनुकाचा प्रकार आणि हृदयस्नायूतील मेदाम्ल बांधणारे प्रथिन, म्हणजे एच-एफएबीपी, अशा सहा जादा चाचण्या होत्या. आठपानी रिपोर्ट तीन वेळा वाचून आणि प्रयोगशाळेशी दोनदा फोनवर बोलून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, या सहांपैकी दोन चाचण्या खरोखर करण्याजोग्या आहेत, दोन निरुपद्रवी आहेत आणि उरलेल्या दोन अशा पॅकेजमध्ये असायलाच नकोत.

आधी मोलाच्या भागाविषयी लिहितो. मेद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड रक्तातून हिंडतात ते प्रथिनांचे कवच असलेल्या सूक्ष्म कणांच्या पोटात बसून. एलडीएल, व्हीएलडीएल आणि त्यांच्या जातकुळीतील प्रत्येक कणावर अपोबी या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. म्हणून अपोबी मोजणे ही कणांची शिरगणती ठरते. साध्या लिपिड प्रोफाइलमधील एलडीएलचा आकडा सांगतो तो त्या कणांत मिळून किती कोलेस्टेरॉल भरले आहे एवढेच, आणि तोही बहुधा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून तो काढण्याचे फ्रीडवाल्ड यांचे १९७२ सालचे सूत्र अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहे. ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की ते सूत्र निकामी होते.

माझ्या रिपोर्टमध्ये हा फरक उघड दिसला. एकूण कोलेस्टेरॉल १८४, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१० आणि सूत्राने काढलेले एलडीएल १०४ होते. नुसते एलडीएल पाहणारा माणूस निर्धास्त झाला असता. अपोबी मात्र ११२ निघाले. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांमध्ये एलडीएलचे कण लहान आणि कोलेस्टेरॉलने तुटपुंजे भरलेले असतात, त्यामुळे त्यांच्या पोटातील ऐवज कमी भरला तरी त्यांची संख्या मोठी असू शकते. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून अडकतात ते कण, आणि संख्या जितकी जास्त तितके अडकणारेही जास्त. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्यम धोक्याच्या व्यक्तीसाठी अपोबी १०० च्या आत, जास्त धोक्यासाठी ८० च्या आत आणि अतिधोक्यासाठी ६५ च्या आत असावे असे म्हटले आहे. रिपोर्टने मात्र धोक्याची पातळी न विचारता सर्वांना एकच मर्यादा लावून माझा आकडा हिरव्या रंगात छापला. चाचणी उत्तम आणि तिचे वाचन बेफिकीर, असा हा प्रकार आहे.

दुसरी मोलाची चाचणी लिपोप्रोटीन (ए) ची. कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेला हा कण म्हणजे अपोबीला रासायनिक बंधाने जोडलेले अपो(ए) हे आणखी एक प्रथिन बाळगणारा एलडीएलचा भाऊबंद. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, पथ्याने वा व्यायामाने ती फारशी हलत नाही, म्हणूनच प्रौढ वयात निदान एकदा ती मोजून पाहावी असे तीच मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात. ज्यांच्या घरी कमी वयात हृदयविकार झाला आहे त्यांनी तर ती टाळू नये.

पण इथेच प्रयोगशाळेची सर्वांत ठळक चूक आढळली. माझी पातळी डेसिलिटरला ४६ मिलिग्रॅम अशी देऊन शेजारी लिटरला ९८.९ नॅनोमोल असा, कणांची संख्या दाखवणारा, दुसरा आकडा छापला होता. भागून पाहिले तर बरोबर २.१५ आले, म्हणजे हा आकडा मोजलेला नसून गुणाकाराने काढलेला होता. अपो(ए) मध्ये एकाच घडणीच्या कड्या पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची संख्या एका व्यक्तीत मोजकी तर दुसरीत चाळिसाच्याही वर असू शकते. त्यामुळे कणाचे वजन माणसागणिक बदलते आणि वजनावरून संख्या काढणारा सर्वांना लागू असा गुणक असूच शकत नाही. ३० मिलिग्रॅमच्या खाली निश्चिंत, ५० च्या वर धोका आणि मधला पट्टा संदिग्ध, असे २०२२ च्या युरोपीय सहमतीपत्रात म्हटले असताना ४६ या आकड्यापुढे ‘सामान्य’ हा शिक्का मारणे मला पटत नाही. फोनवरील तंत्रज्ञाने गुणाकाराची गोष्ट सरळपणे मान्य केली, हे नोंदवायला हवे.

अपोए-१ आणि गुणोत्तर यांनी माझ्या माहितीत एचडीएलच्या आकड्यापलीकडे काही भर घातली नाही.

अपोईविषयी मात्र माझी तक्रार गंभीर आहे. हे प्रथिन मेदकणांना यकृतात परत नेण्यास मदत करते आणि मेंदूतही कोलेस्टेरॉलची ने-आण करते. त्याचे ई-२, ई-३ आणि ई-४ हे तीन प्रकार केवळ ११२ आणि १५८ या दोन जागांवरील अमिनो आम्लांनी वेगळे ठरतात. ई-४ आणि उतारवयातील अल्झायमर यांचा संबंध १९९३ पासून ज्ञात आहे. ई-४ असूनही विकार न होणारे पुष्कळ आहेत, आणि नसूनही होणारे पुष्कळ. एवढी नाजूक माहिती एका ठरावीक परिच्छेदासह, आधी समुपदेशन न करता, ट्रायग्लिसराइडच्या पुढच्या पानावर देणे अनुचित आहे. संमतीपत्रात जनुकीय चाचणीचा उल्लेख होता, परंतु तो अकराव्या कलमात होता आणि रक्त घेणाऱ्या व्यक्तीने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

एच-एफएबीपीची गोष्ट वेगळी, थोडी गमतीची. दहा पट्ट्यांच्या पिंपासारखी घडण असलेले हे चिमुकले प्रथिन पेशीच्या आत मेदाम्ल धरून ठेवते. हृदयस्नायूला इजा झाली की ते पहिल्या एक ते तीन तासांतच रक्तात उतरते आणि साधारण एका दिवसात ओसरते. म्हणजे छातीत कळ आलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते काही सांगू शकते, पण चांगल्या प्रकृतीच्या माणसाचे सकाळी रक्त घेऊन ते मोजणे म्हणजे पाऊस नसताना पर्जन्यमापक वाचण्यासारखे आहे. शिवाय ते हाडांवरच्या स्नायूंतही असते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून कसून व्यायाम केलेल्या किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या ग्राहकाला उगाच धडकी भरवणारा आकडा मिळू शकतो.

सेवेबद्दल थोडक्यात : रक्त घेणारी व्यक्ती वेळेवर आली, हात हलका होता, रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी मिळाला. बारा तासांच्या उपवासाचा आग्रह ट्रायग्लिसराइडपुरता समजू शकतो, अपोबी आणि लिपोप्रोटीन (ए) यांना जेवणाने फारसा फरक पडत नाही. या दोन चाचण्या सुट्या करता येतात का, असे विचारल्यावर ‘येतात, पण यादीत दाखवत नाही’ असे उत्तर मिळाले. औषधाचा परिणाम पाहण्यासाठी तीन महिन्यांनी मला अपोबी पुन्हा मोजायचे आहे, आणि त्या वेळी मी तेवढीच एक चाचणी नाव घेऊन मागणार आहे.