अपेक्सपाय: काही महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून अपेक्सपाय ही भौगोलिक अक्षांश-रेखांशांवरून भूचुंबकीय अक्षांश-रेखांश काढून देणारी पायथनची लायब्ररी माझ्या रोजच्या कामात आहे. सोलापुरात एमएस्सीच्या मुलांकडून मी अलिबाग, तिरुनेलवेली अशा चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवर प्रकल्प करून घेतो. त्यात प्रत्येक ठाण्याचे भूचुंबकीय अक्षांश-रेखांश, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हिशेबानं मोजलेले, लागतातच. आधी मुलं ते जुन्या पेपरांतल्या तक्त्यांवरून उतरवून घ्यायची आणि तक्ता कुठल्या सालचा आहे हे कुणी बघायचं नाही.

त्यानं काय होतं, ते सोलापूरवरच करून बघा. आपलं शहर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. पृथ्वीच्या चुंबकीय द्विध्रुवाचा (पृथ्वी हा एक साधा दांडचुंबक मानला, तर त्याचा) उत्तर ध्रुव १९८० साली ७८.८ उत्तर, ७०.८ पश्चिम असा होता. २०२० पर्यंत तो ८०.७ उत्तर, ७२.७ पश्चिमेला गेला. ध्रुवाच्या जागेवरून अक्षांश काढायचं सूत्र तेच, पण सोलापूरचा भूचुंबकीय अक्षांश आधी ८.२ येतो आणि नंतर ९.७. तब्बल दीड अंश! चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज (आडव्या) घटकाला अक्षांशाच्या कोसाइननं भागायचं असेल तर हा फरक एक टक्कासुद्धा नाही. पण अक्षांशानुसार आलेख काढायला बसलात आणि एका ठाण्याचा आकडा जुना, दुसऱ्याचा नवा असला, तर सगळी मांडणीच बिघडते.

अपेक्सपायमध्ये तारीख आधी द्यायची, मग अक्षांश, रेखांश आणि उंची. बाकी सगळं कन्व्हर्ट हे एकच फंक्शन करतं. उंची मागते ही मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट, म्हणजे चुंबकीय विषुववृत्तावरच्या आकाशातला विद्युतप्रवाह, जमिनीवर नसतो, शंभर-एकशे दहा किलोमीटरवर वाहतो. मात्र उंची लिहायची राहिली तर लायब्ररी मुकाट्यानं शून्य धरते. मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

आपल्याकडच्या ठाण्यांसाठी भूचुंबकीय अक्षांशाच्या पद्धतींपैकी क्वासी-डायपोल हाच पर्याय घ्या. ध्रुवीय प्रदेशावरचे पेपर वाचून मुलं एएसीजीएम या दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरतात. पण चुंबकीय विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात त्या पद्धतीची व्याख्याच लागू पडत नाही. क्वासी-डायपोल मात्र तिथेही नीट चालतं, कारण ते आयजीआरएफ या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय प्रतिमानातली क्षेत्ररेषा धरून, तिच्या सर्वांत उंच बिंदूच्या उंचीवरून अक्षांश ठरवतं.

गैरसोयी दोन. गाभा फोर्ट्रानचा, त्यामुळे मशीनवर कंपायलर नसेल तर बसवताना डोकं उठतं; लिनक्सवर त्रास कमी. दुसरं, जुन्या तक्त्यांशी ताडून बघायला साधे द्विध्रुवी अक्षांश हवे असतील तर ते कन्व्हर्टमधून मिळत नाहीत. त्यासाठी मी आयजीआरएफचे पहिले तीन सहगुणक घेऊन एक छोटी एक्सेल शीट ठेवली आहे.

आयजीआरएफ दर पाच वर्षांनी नवं येतं. प्रबंधात ठाण्याच्या अक्षांशाशेजारी साल, उंची आणि लायब्ररीची आवृत्ती लिहिलेली नसेल, तर मी तो तक्ता मुलांना परत करतो.