फुकट गेम, कुलूपबंद डंजन

एप्रिल २०२२. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात कापसाचा चुकारा उशिरा झाला, आणि त्यातून हट्ट करून बारावीच्या पोराने लॅपटॉपवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून ‘डेस्टिनी २’ या नेमबाजीच्या ऑनलाइन गेमचा ‘विच क्वीन’ हा भाग घेतला. मूळ गेम २०१९ पासून फुकट आहे, त्यामुळे एवढा एक भाग घेतला की झालं, असा हिशेब.

गेम शंभर जीबीच्या वर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे दोन जीबी. उतरायला मे संपत आला. त्याच सुमारास ‘ड्युअॅलिटी’ हे नवं डंजन (तिघांनी मिळून खेळायची मोहीम) आलं, दोस्तांनी बोलावलं, तर दाराला कुलूप! ‘विच क्वीन’च्या साध्या आवृत्तीत त्या वर्षाची दोन्ही डंजन नव्हतीच. ती महागड्या डिलक्स आवृत्तीत होती, नाहीतर ती उघडणारी ‘डंजन की’ वेगळी विकत घ्यावी लागे. दुकानाच्या पानावर दोन आवृत्त्यांची यादी शेजारीशेजारी होती. पोराने फक्त कमी किंमत पाहिली.

पैसे परत मिळाले नाहीत. स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागा, आणि भाग घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. इथे खेळणं सुरू व्हायच्या आधीच मुदत गेली. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी फुकटचा गेम पूर्ण उतरवा, आठवडाभर खेळा, कुठे कुलूप लागतं ते बघा, मग भाग घ्या. पैसे भरण्याआधी ‘यात काय आहे’ ही यादी शेवटपर्यंत वाचून तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

सिल्व्हरचं, म्हणजे रुपये देऊन घ्यायच्या गेममधल्या नाण्यांचं, गणित तर आणखी वाकडं. २०२३ मध्ये सिझनची, म्हणजे काही महिन्यांच्या नव्या मोहिमांची, किंमत १००० सिल्व्हरवरून १२०० झाली, लहान पाकीट मात्र ५००चं, नाहीतर ११००चं. ११०० घेतले की शंभर कमी पडत. वर ५०० घेतले की १६०० होत, आणि सिझन घेतल्यावर ४०० पडून राहत. त्यांचे रुपये परत होत नाहीत. किराणावाल्याने असं पुडकं बांधलं असतं तर गावाने त्याला ओट्यावरून उतरवलं असतं.

जुने व्हिडिओ बघून भाग निवडू नका. २०१८च्या ‘फोर्सेकन’ची कथा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेममधूनच काढली गेली; ज्यांनी विकत घेतली होती त्यांचीही.

तालुक्याच्या गावी रोख घेऊन गेमचा भाग उघडणारा कोड देणारे असतात. ‘सारे पार्ट हायेत भाऊ याच्यात’ म्हणतात, कोड कशावर चालतो ते सांगत नाहीत. स्टीमवरचा भाग प्लेस्टेशनवर उघडत नाही. क्रॉस सेव्ह या सोयीने तुमचं पात्र तिकडे जातं, विकत घेतलेला भाग जात नाही. कोड घ्यायचाच असेल तर दुकानदारासमोर आपल्याच खात्यात टाकून, भाग उघडल्यावर पैसे द्या. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पैसे देऊन बसलाच असाल तर पावती आणि स्क्रीनशॉट जवळ घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.