माग चालू असताना गायचंय, मग माईक कुठला घ्यायचा?

माईक ठरवण्याआधी, ज्या खोलीत गाणार आहात तिथे पंखा बंद करून पाच मिनिटं गप्प बसा. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आमच्या घरी अशा वेळी शेजारच्या यंत्रमागांची खटखट ऐकू येते, पायाखालच्या फरशीलाही जाणवते. जुळे सोलापुरात मावशीच्या मागच्या खोलीत रात्री घड्याळाची टिकटिक तेवढी असते. मी दोन्हीकडे गाऊन पाहिलंय, आणि या दोन खोल्यांना एकच माईक सुचवायला माझं मन धजत नाही.

बजेट बेताचं असलं की बहुतेकांचं मन दोन माईकांपाशी अडतं: शुअरचा एसएम५८ आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२०. पहिला डायनॅमिक, म्हणजे वेगळी वीज न लागणारा, १९६६ पासूनचा, भजनी मंडळापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे दिसणारा. दुसरा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा; त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच येणारी वीज, लागते. ती बहुतेक इंटरफेसमध्ये, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात, असते.

मावशीच्या खोलीत एटी२०२० सरळ सरस ठरतो. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’वर जीभ टेकून सुटते तो क्षण, ओळ संपताना विरत जाणारा श्वास, हे सगळं त्यात उतरतं. तोच माईक आमच्या घरी लावला तर आलापात दम घ्यायला थांबल्याबरोबर त्या मोकळ्या जागेत माग वाजायला लागतो. नंतर सॉफ्टवेअरने तो काढायला जावं, तर गळा पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

डायनॅमिक माईक बाहेरचा गोंगाट आपोआप गाळतो, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. खरा फायदा जवळून गाण्याचा असतो. तोंड आणि माईकमधलं अंतर निम्मं केलं की गळा साधारण ६ डेसिबलने वाढतो, माग मात्र होता तेवढाच राहतो. एसएम५८ चार बोटांवरून गायलाच बनवलाय. इतक्या जवळ खर्ज फुगतो. पातळ आवाजाला ते शोभतं, भारदस्त गळ्याला मात्र लो-कट, म्हणजे खालचा आवाज कापणारा फिल्टर, लावावा लागतो. दोन्ही माईक पाठीकडून कमी ऐकतात, म्हणून त्यांची पाठ मागांकडच्या खिडकीकडे करा. एटी२०२० मध्ये टोकाकडून गायचं नसतं, चिन्ह असलेल्या बाजूने गायचं. ही चूक फार जण करतात.

आता प्रीअँप, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग. तो इंटरफेसमध्येच असतो, वेगळा घ्यायची घाई करू नका. पण माईकप्रमाणे त्याची गरज बदलते. सारख्याच आवाजाला एटी२०२० सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो, एसएम५८ जेमतेम १.८५. म्हणजे डायनॅमिकला साधारण १८ डेसिबल जास्त गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, हवी. फोकसराइटच्या चौथ्या पिढीतल्या इंटरफेसपैकी स्कारलेट सोलो ५७ डेसिबल गेन देतो, स्कारलेट २आय२ ६९. एटी२०२० ला सोलो भरपूर झाला. एसएम५८ वर खड्या आवाजातला अभंगही सोलोवर निभतो, पण अंगाई गायची तर गेन शेवटापर्यंत फिरवावा लागतो आणि खरखर वर येते. तिथे मी २आय२ च घेईन.

शुअरचाच दुसरा डायनॅमिक माईक, एसएम७बी, पॉडकास्टमुळे सगळ्यांच्या डोळ्यांत भरलाय. त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो. इंटरफेस कमी पडला तर २५ डेसिबलपर्यंत वाढवणारा क्लाउडलिफ्टर हा जोडडबा आणखी वर घ्यावा लागतो. पहिल्या खरेदीत एसएम७बी नको.

उरलेल्या पैशांत काही घ्यायची गरज नाही, घरात सोलापुरी चादरी असतीलच. दोन जाड चादरी दुहेरी घडी करून गाणाऱ्याच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टाका. माईकचं तोंड त्या बाजूला असतं, म्हणून तिथली भिंत आधी झाकायची. खोलीतला घुमारा बराच बसतो. माग त्याने थांबत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

ओळखीच्या भजनी मंडळात एसएम५८ असेल तर एका दिवसासाठी मागून आणा आणि माग चालू असतानाच, आपल्या खोलीत, एक अख्खा अभंग गाऊन ऐका.