स्पीडोमीटर शून्यावर, दोष अर्थिंगचा: सातपूरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी

गेल्या जुलैमध्ये कसारा घाट उतरताना आमच्या २०१६ सालच्या हॅचबॅकचा स्पीडोमीटर एकाएकी शून्यावर आला, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि पाठोपाठ पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले. दोन-तीन मिनिटांत सारे पूर्ववत झाले. पण पुढच्या आठवड्यात हाच प्रकार आणखी तीनदा घडला. आम्ही नेहमी गाडी नेतो त्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून ‘यू०१२१’ हा कोड काढला, एबीएस मॉड्यूल, म्हणजे त्या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, निकामी झाल्याचे सांगितले आणि ४६,००० रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. बॉनेट उघडूनही कोणी पाहिले नव्हते, हे मला खटकले. म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी नाशिकमध्येच, सातपूर औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या एका लहान ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये गाडी नेली.

तेथील मिस्त्रींनी सुरुवातीलाच जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते: “ताई, कोड म्हणजे तक्रारअर्ज. अर्ज आला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही.” यू०१२१ या कोडचा अर्थ एवढाच, की एबीएस मॉड्यूलशी होणारा संपर्क तुटला. हल्लीच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांची मॉड्यूल एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून परस्परांना निरोप देतात. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली ही ‘कॅन’ पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. आमच्या गाडीत चाकांचा वेग आधी एबीएस मॉड्यूलला कळतो आणि तेथून तो या तारांवरून डॅशबोर्डकडे आणि स्टिअरिंगकडे जातो. त्यामुळे एबीएस गप्प झाले की तीन ठिकाणी गडबड दिसते. हे चित्र त्यांनी कागदावर काढून दाखवले, तेव्हा घाटात नेमके काय घडले ते मला प्रथमच समजले.

तपासणीचा क्रम मी शेजारी उभी राहून पाहिला. त्यांनी आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजला, कारण बॅटरी अशक्त असली तरी असे कोड येतात. तो १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक होता. मग एकट्या इंजिनचे नव्हे, तर सर्व मॉड्यूलचे कोड वाचून वहीत लिहिले. इतर मॉड्यूल एबीएसबद्दल तक्रार करत होती, आणि खुद्द एबीएसमध्ये मात्र ‘पुरवठा व्होल्टेज कमी’ अशी नोंद साठलेली होती. ही नोंद सर्व्हिस सेंटरच्या कागदावर कोठेही नव्हती.

त्यानंतर बॅटरीची तार काढून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजला. कॅनच्या मुख्य तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो आणि ते समांतर जोडलेले असल्याने मीटरवर ६० ओहम यावे लागतात. १२० आले तर एक टोक तुटलेले असते, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. आमच्या गाडीत ६० च आले, म्हणजे मुख्य तारा शाबूत होत्या.

यापुढची चाचणी मला सर्वांत आवडली. त्यांनी एबीएसचा कनेक्टर सोडवला, बॅटरी पुन्हा जोडली आणि कनेक्टरमधल्या पुरवठ्याच्या व अर्थिंगच्या (प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या) पिनांमध्ये हेडलाइटचा बल्ब लावला. मीटर तेथे जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवत होता, बल्ब मात्र मिणमिणता लागला. बल्बचे अर्थिंगचे टोक थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावताच तो लख्ख पेटला. पुरवठा चांगला, अर्थिंग खराब, हे माझ्यासारख्या अनभिज्ञ व्यक्तीलाही त्या उजेडावरून कळले. मीटरमधून नाममात्र प्रवाह जातो, त्यामुळे गंजलेला जोडही त्याला चांगला भासतो; बल्ब काही अँपिअर ओढतो आणि जोडाची खरी अवस्था उघड करतो. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थिंगच्या लगवर (तारेच्या टोकाच्या, बोल्टने कसलेल्या धातूच्या कडीवर) हिरवट थर चढला होता आणि बोल्टखालचा पत्रा गंजला होता. पत्रा घासून, नवी लग बसवून, वर पेट्रोलियम जेली लावून त्यांनी तोच बल्ब पुन्हा लावून दाखवला. तपासणीचे ८०० आणि दुरुस्तीचे ६०० असे एकूण १,४०० रुपये झाले.

उणिवाही सांगायला हव्यात. ते एका वेळी एकच गाडी घेतात, त्यामुळे मला चार दिवस थांबावे लागले. बिल साध्या लेटरपॅडवर मिळते आणि लेखी वॉरंटी नसते. अगदी नव्या मॉडेलचे वायरिंगचे नकाशे त्यांच्याकडे नाहीत, आणि तसे ते आधीच स्पष्ट सांगतात. गाडी वॉरंटीत असेल तर येथे वायरिंगला हात लावू देण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी जरूर वाचाव्यात.

दुरुस्तीनंतर संपूर्ण पावसाळ्यात मी चार वेळा कसारा घाटातून गेले. एकही दिवा लागला नाही आणि काटा एकदाही पडला नाही. येथे जाणाऱ्यांनी फोन करून वार ठरवून घ्यावा आणि तोवर दिवे घालवण्यासाठी बॅटरीचे टर्मिनल स्वतः काढू नये, कारण काही गाड्यांत तेवढ्याने साठलेले कोड पुसले जातात आणि मिस्त्रींना तपासाचे पहिले टोक सापडत नाही.