नवीन नोकरी लागली की भूत लागतं: हॅलोविनला वाचायला माझ्या आवडत्या कादंबऱ्या

ऑक्टोबर उजाडला की आमच्या इथे न्यू जर्सीत एकेकाच्या अंगणात सांगाडे उभे राहायला लागतात. २०२४ ला तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आलं होतं, दारात एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला कोरलेला भोपळा, आणि चॉकलेट मागायला आलेल्या एका छोट्या बॅटमॅनच्या पिशवीत सासूबाईंनी चकली टाकली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि मास्क वर करून तिथेच उभं राहून खाल्ली.

तर या महिन्यात मी फक्त भुताखेताचं वाचते, गेली सातआठ वर्षं. मैत्रिणी दर वेळी विचारतात काय वाचू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. आणि इतकं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आलीये ती आधी सांगते, यातली बहुतेक सगळी माणसं नोकरीपायी अडकतात. खरंच. कुणी हौसेने स्मशानात जात नाही, साहेबाने पाठवलं म्हणून जातात, पगाराची गरज आहे म्हणून जातात, आणि ऑफर लेटर हातात आलं तेव्हाच काहीतरी गडबड आहे हे आपल्याला कळतं पण त्यांना नाही कळत. ऑफिसात दिवस काढणाऱ्या माणसाला ही भीती जास्त लागू पडते असं माझं मत.

पहिलं नाव अर्थातच 'ड्रॅक्युला', ब्रॅम स्टोकर, १८९७. सिनेमे बघून तुम्हाला सगळं माहितीये असं वाटत असेल तर मूळ पुस्तक वाचाच. जोनाथन हार्कर हा नुकता परीक्षा पास झालेला वकील, साहेबाच्या जागी ट्रान्सिल्व्हेनियाला जातो, कशाला तर लंडनमधल्या एका जुन्या वाड्याची कागदपत्रं घेऊन. म्हणजे प्रॉपर्टीचं काम हो! वाटेत पाप्रिका घातलेलं चिकन खातो, आवडतं, तर डायरीत लिहून ठेवतो की होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, रेसिपी घ्यायची. एवढा साधा माणूस. आणि मग ते किल्ल्यातले पहिले काही दिवस, ते मी तीनदा वाचलेत. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? रक्त नाही, सुळे नाहीत, भिंतीवरून पालीसारखं खाली उतरणं पण नाही. हार्करला एवढ्या मोठ्या किल्ल्यात एकही नोकर दिसलेला नसतो, आणि एक दिवस खोलीत येतो तर काउंट ड्रॅक्युला स्वतः त्याची गादी आवरत असतो. पुढे दाराच्या बिजागरीच्या फटीतून बघतो तर तोच टेबल मांडतोय. म्हणजे घरात आपण दोघंच. बस, एवढंच. मी ते वाचून रात्री उठून किचनचा लाइट लावून आले.

सगळं पुस्तक डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरची कात्रणं असं जोडलेलं आहे. मधला भाग मात्र लांबतो हे खरं सांगायला पाहिजे, व्हॅम्पायरच्या मागे लागलेल्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगची भाषणं संपता संपत नाहीत आणि सगळे पुरुष एकमेकांना तू किती थोर तू किती थोर करत बसतात. मीनाच्या मैत्रिणीला, लूसीला, चार वेगवेगळ्या माणसांचं रक्त चढवतात, ग्रुप वगैरे काही न बघता, कारण रक्तगटांचा शोधच लागला १९०१ मध्ये, त्यामुळे तिला नेमकं व्हॅम्पायरने मारलं की डॉक्टरांनी हा आमच्या घरातला जुना वाद आहे, नवरा लॅबमध्ये काम करतो. कॉपीराइट संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतं.

लांबलचक नको असेल तर सुझन हिलची 'द वूमन इन ब्लॅक' घ्या, १९८३ ची आहे पण भाषा मुद्दाम जुन्या वळणाची. दीडएकशे पानं, एका शनिवारात होते. इथेही परत वकील! आर्थर किप्सला साहेब पाठवतो, एक म्हातारी अशील वारली आहे, तिच्या अंत्यविधीला जा आणि घरातले कागद लावून ये. घर खाडीत, दलदलीच्या पलीकडे, आणि जायचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, भरती-ओहोटीचं गणित चुकलं की काय होतं ते आजोबांकडून ऐकलेलं, त्यामुळे धुक्यात तो घोडागाडी रुतल्याचा आवाज येतो आणि मागून मुलाची किंकाळी, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. दिसत काहीच नाही, नुसता आवाज. आणि रात्री बंद खोलीतून येणारा तो धप्प, धप्प असा एकसारखा आवाज कशाचा आहे ते कळल्यावर तर अजून वाईट वाटतं. यावरचं नाटक लंडनला १९८९ पासून २०२३ पर्यंत चाललं, मुख्य नट दोनच. सिनेमा आधी बघू नका, शेवट वेगळा आहे.

स्टीफन किंगची 'द शायनिंग', १९७७. ही तर सरळ जॉब इंटरव्ह्यूनेच सुरू होते. जॅक टॉरन्सची शिक्षकाची नोकरी गेलीये, दारूचा प्रॉब्लेम आहे, आणि कोलोरॅडोच्या डोंगरातलं बर्फाने बंद पडणारं हॉटेल हिवाळाभर सांभाळायचं काम मिळतंय. मॅनेजर तिथेच सांगतो की मागे एका केअरटेकरने बायको आणि मुलींना मारून स्वतःला संपवलं. तरी हा हो म्हणतो! कारण दुसरं काही हातात नाही. किंग स्वतः १९७४ मध्ये एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात सीझनच्या शेवटी, हॉटेल रिकामं असताना राहिला होता, त्यातून हे सुचलं. पुस्तकात खोली २१७ आहे, सिनेमात २३७ केली. तळघरात एक जुनाट बॉयलर आहे, त्याचं प्रेशर रोज उतरवावं लागतं, नाहीतर चढत जातं. कुकरच्या शिट्ट्या मोजत वाढलेल्या माणसाला ते किती नीट समजतं! सिनेमात ही गंमतच नाही. आणि तो फायर होजचा प्रसंग, पाच वर्षांचा डॅनी कॉरिडॉरमधून जातोय आणि भिंतीवरचा पाइप खाली पडतो, बस, पाइप आहे, पण पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी वाचताना तो नुसता पाइप राहत नाही. माझ्या मते सिनेमापेक्षा पुस्तक दहापट भारी, भांडायचं असेल तर भांडा.

शर्ली जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) मला पहिल्यांदा आवडलीच नव्हती, काही घडतच नाही असं वाटलं. मग चाळिशीत परत वाचली. एलनॉर बत्तीस वर्षांची, अकरा वर्षं आजारी आईचं करण्यात गेलेली, आणि एका डॉक्टरचं पत्र येतं की भुताटकीच्या घरात संशोधनाला मदत करायला या. बहीण गाडी द्यायला नाही म्हणते, जी दोघींची अर्धी अर्धी आहे, तर ही गुपचूप घेऊन निघते. त्या घरातले सगळे कोन किंचित चुकलेले आहेत, दारं आपोआप मिटतात. पण खरी भीती ही की तिला ते घर आवडायला लागतं, कुणीतरी पहिल्यांदाच मला बोलावलंय असं. अंधारात हात धरण्याचा एक प्रसंग आहे, त्याबद्दल काही सांगत नाही, पण तो मी लोकल ट्रेनमध्ये भरदिवसा वाचला आणि शेजारच्या बाईंनी विचारलं बरं आहे ना.

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) फक्त धीर असेल तर. गव्हर्नेसची, म्हणजे घरी राहून मुलांना सांभाळायची-शिकवायची नोकरी, मालकाची अट एकच, काहीही झालं तरी मला कळवायचं नाही. असा बॉस असेल तर भुताची गरजच काय! कल्पना भन्नाट आहे, भूत खरंच आहे की बाईंच्या डोक्यात हे आजतागायत ठरलं नाही, पण वाक्यं इतकी वळणं घेतात की मी दोनदा अर्ध्यात सोडली. तसं ही आणि वूमन इन ब्लॅक दोन्ही ख्रिसमसच्या आदल्या रात्री शेकोटीपाशी सुरू होतात, इंग्लंडात भुताच्या गोष्टींचा खरा सीझन तोच.

मराठीत वाचायचं असेल तर नारायण धारपांची 'लुचाई', ती किंगच्या 'सेलम्स लॉट' वरून बेतलेली आहे. आधी लुचाई वाचलेली असल्यामुळे मूळ इंग्रजी वाचताना मला सारखं वाटत होतं की हे अमेरिकन लोक आपल्या गावात काय करतायत.

किंगचीच 'पेट सेमेटरी' (१९८३), स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं, कारण पाळीव प्राण्यांच्या स्मशानावरची ती पाटी लहान मुलांनी लिहिलीये. युनिव्हर्सिटीत नवी नोकरी म्हणून डॉक्टर कुटुंब घेऊन येतो, घरासमोरून भरधाव ट्रक जातात. घरात लहान मूल असेल तर वाचू नका. मी मुलगी तीन वर्षांची असताना वाचली आणि नंतर आठवडाभर तिला रस्त्याच्या कडेने चालू दिलं नाही. उत्तम आहे, पण परत हातात घेणार नाही.

लायब्ररीतून घेणार असाल तर ऑगस्टमध्येच होल्ड लावा, मी मागच्या वर्षी सप्टेंबर अखेर लावला, शायनिंग मिळाली नोव्हेंबर अखेर, थॅंक्सगिव्हिंगला. तोपर्यंत ड्रॅक्युला सुरू करा, त्यात ३ मेपासून तारखा आहेत आणि शेवटचा पाठलाग ऑक्टोबर-नोव्हेंबरातलाच. ३१ ऑक्टोबरचीही नोंद आहे, मीनाची, प्रवासात लिहिलेली. त्यात हॅलोविनचं नावसुद्धा नाही, तिला त्या दिवशी बाकीची बरीच कामं होती.