खाडीच्या वेळेने चालणारा रस्ता: मुंबई ते मालवण, आठ महिन्यांच्या वापरानंतर

दसऱ्यानंतर ऑक्टोबरात पहिल्यांदा निघालो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात चौथी खेप संपली. आठ महिन्यांत चार खेपा, मिळून अठ्ठावीस दिवस, आणि गाडीच्या काट्यावर २,९०० किलोमीटरच्या आसपास. गाडी सात वर्षांची साधी हॅचबॅक. माणसं दोन: मी आणि हे. हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, माझी बँकेतली नोकरी गेल्या वर्षी संपली. राहायला दादरला. एका खेपेवरून मत देणं मला बरोबर वाटत नव्हतं, म्हणून आत्तापर्यंत काही लिहिलं नाही. आता लिहिते.

आधी कोणता रस्ता ते सांगते. मुंबई-गोवा महामार्ग नव्हे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० च्या सुमारास रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग कल्पिला गेला. तो सलग असा अजून नाही. मध्ये खाड्या आडव्या येतात आणि त्यांतल्या मोठ्या खाड्या फेरीबोटीत गाडी चढवून पार कराव्या लागतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या चार बोटी म्हणजे या प्रवासाचा कणा. त्यांच्याशी जमवून घेतलं तर हा रस्ता फार सुंदर आहे. नाही जमलं तर चिडचिड होते. पहिल्या खेपेत आमची झाली.

तेव्हा आम्ही मुंबईच्याच सवयीने निघालो होतो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, तासाभरात मांडवा, म्हणजे आपण वेळेत आहोत असा सगळा हिशेब. ही रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि दादर-लालबागकडच्या माणसाला तिचा खरोखर उपयोग आहे. वाशी, पनवेल, वडखळ हे सगळं टळतं, आणि गाडी खाली ठेवून वर कठड्याशी उभं राहिलं की घर सोडल्याची जाणीव लगेच होते. येताना मात्र आम्ही अटल सेतूने येतो. टोल २५० रुपये आहे, पण दमून परतताना तो जड वाटत नाही.

त्या दिवशी कोर्लईला थांबायचं ठरलेलं नव्हतं. किल्ला चढणार नव्हतोच, गुडघे. पण पाणी घ्यायला गावात शिरलो आणि दोन म्हाताऱ्या बाया ओसरीवर मासे निवडत बोलत होत्या, त्यांचं बोलणं कानावर पडलं. मराठीसारखा हेल, पण शब्द एकही कळेना. विचारलं तर म्हणाल्या, ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये, पण त्यांच्या भाषेतून तयार झालेली ही बोली या एका गावात अजून घराघरांत बोलली जाते. दादरपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असं काही आहे हे मला साठी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही तिथे दीड तास बसलो. मग वेळ गेला म्हणून मुरूड घाईघाईत केलं, जंजिरा लांबूनच पाहिला आणि आगरदांड्याच्या धक्क्यावर संध्याकाळी सहाला पोचलो.

कोजागरी होऊन एक दिवस झाला होता. हे लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

खाडीचं पाणी एवढं खाली गेलं होतं की धक्क्याचा उतार बोटीपर्यंत नुसता लांबच नाही, शेवटच्या भागात शेवाळाने हिरवा झाला होता. आमच्या पुढची जीप सहज उतरली. आमची गाडी बुटकी. बोटीची फळी जिथे उताराला टेकते तिथे खड्डयासारखा कोन झाला होता. पुढची चाकं फळीवर आली आणि बंपरखालून लांबलचक खरडल्याचा आवाज आला. हे गाडी चालवत होते, मी खाली उभी होते. बंपरची खालची कड तुटून लोंबायला लागली. बोटीवर दोर धरणाऱ्या काकांनी ती तिथल्या तिथे सुतळीने बांधून दिली. यांचा चेहरा पडला होता. काका त्यांना म्हणाले, ‘भाऊ, तिथी बघून यायचं होतंत.’

मग पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी जे शिकवलं ते चारही खेपांत सगळ्यांत जास्त कामाला आलं. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. तेव्हा भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला खाडी सगळ्यांत रिकामी. आम्ही नेमके तेव्हा पोचलो होतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. बुटक्या गाडीने खाडी ओलांडायला ते दिवस उत्तम.

घरी कालनिर्णय भिंतीवर आयुष्यभर टांगलेलं. त्यात तिथी मी बघत आले ती उपासासाठी. आता हे खेप ठरवताना आधी तिथी बघतात, वहीत पाऊणपट लिहितात आणि मगच मुक्काम कुठे ते ठरतं. दुसऱ्या खेपेपासून बंपर एकदाही टेकला नाही.

या एका गोष्टीने प्रवासाची चालच बदलली. भरती अकराला असेल तर धक्क्यावर साडेनऊला जाऊन बसायचं, आणि आधी-नंतर घाई करायची नाही. एका दिवसात एकच खाडी. दिवसाला ऐंशी किलोमीटरच्या वर जायचं नाही. हा नियम यांचा, आणि तो मी दोनदा मोडायला लावला, दोन्ही वेळा चूक माझी ठरली. किनाऱ्याचे ऐंशी किलोमीटर म्हणजे द्रुतगती मार्गाचे ऐंशी नव्हेत. रस्ता एका गाडीचा, वळणावर समोरून एसटी आली की आपण मागे घ्यायचं, आणि दर वळणावर हॉर्न.

आता तुकडे. मला आवडलेले लिहिते, सगळे लिहीत बसत नाही. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा आरावीकडचा रस्ता समुद्राला चिकटून जातो, तिथे गाडी तिसऱ्या गिअरच्या वर न्यावीशी वाटत नाही. श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांत डिसेंबरातही थंडगार अंधार असतो. तिथली रोठा सुपारी चवीला मऊ, आमच्या सासूबाईंना ती सोडून दुसरी चालत नाही, म्हणून दोन किलो घेतली. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करावी, आणि वेळ विचारून. तो खडक ओला असतो, लाट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती दोघांनाही फार आवडला. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला गेलो तो नुसता बघायला, आणि पापलेटं घेऊन आलो. मुक्कामाच्या ठिकाणच्या वहिनींनी ती तळून दिली.

तिसरी खेप मार्चमध्ये केली ती वेळाससाठी. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे किनाऱ्यावर अंडी घालतात, गावकरी ती कुंपणात जपतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तेव्हा नऊ होती. तळहाताएवढीही नाहीत. ओल्या वाळूवर ठेवली की थांबतात, मग एक वल्हं पुढे, दुसरं वल्हं पुढे. एक पिल्लू लाटेने तीन वेळा मागे फेकलं. हे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ते जाईपर्यंत हलले नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात यांना इतका वेळ एका जागी शांत उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. वेळासला एक नव्हे, दोन रात्री धरा. घरगुती राहणं, जेवण साधं, कुळथाची पिठी आणि भात, आणि ते पुरतं.

गुहागरपासून खाली मे महिन्यात गेलो. हा निर्णय अर्धा बरोबर, अर्धा चुकीचा. उकाडा असह्य होता, दुपारी बारा ते चार गाडी चालवणं शक्य नाही, ते आम्ही कुठेतरी पडवीत पडूनच काढलं. पण आंबा, फणस, ओले काजू हे सगळं तेव्हाच. देवगडच्या अलीकडे एका बागेत आंबे उतरवायचं चाललं होतं, झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, एकेक फळ देठासकट उतरवत होते. तिथून दोन पेट्या घेतल्या. चीक न लागलेला, देठ राखलेला हापूस किती दिवस टिकतो हे मुंबईत पेटी घेऊन कळत नाही. जयगड ओलांडल्यावर आरे-वारेचा चढ, विजयदुर्गाचा तट, कुणकेश्वर, मग मालवण. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरुवात झाली. होडीतून जाताना तो तट पाण्यातून वर येतो तसतसं हे काम कसं केलं असेल असं हे सारखं विचारत होते, कारीगर माणूस. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, हे चारही जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये आले आणि चारही या किनाऱ्यावरून दिसतात.

तक्रारी आहेत. एका ठिकाणी फोनवर ठरलेली खोली आणि मिळालेली खोली यांत फरक होता, समुद्र दिसण्याऐवजी जनरेटर दिसत होता आणि पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली. त्यानंतर आम्ही आगाऊ पूर्ण रक्कम कधीच दिली नाही. एका खाडीवर बोट बिघडली म्हणून अडीच तास बसलो. तो वेळ मला वाया गेला असं वाटत नाही, पण ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आहे त्यांना वाटेल. बायकांसाठी स्वच्छतागृह हा मोठा प्रश्न आहे. बऱ्याच धक्क्यांवर सोय नाही किंवा असून वापरण्याजोगी नाही. मी जेवणाच्या ठिकाणी, मंदिराच्या भक्तनिवासात, मिळेल तिथे जाऊन घ्यायचे. हे स्पष्ट लिहिते, कारण पुरुषांच्या अनुभवांत हे कधी येत नाही.

गाडीबद्दल. सीएनजीवर विसंबू नका, किनाऱ्याला आमची गाडी जवळपास पूर्ण वेळ पेट्रोलवरच होती, आणि टाकी अर्धी झाली की भरायची. बोटीच्या तिकिटाला सुटे पैसे ठेवा, रेंज जाते. गाडी उलटी चढवायला सांगतात तेव्हा घाबरू नका, दोर धरणारा माणूस हाताने दाखवतो तसंच करा, आरशात बघून स्वतःचं डोकं चालवू नका. बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. घरी आलं की दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यायची. पहिल्या खेपेनंतर आम्ही आठवडा घालवला तर वायपरच्या दांड्याला गंज आला. अंधार पडल्यावर चालवू नका, गुरं बसलेली असतात. सुमो, एसयूव्ही असेल तर चांगलंच, पण त्यासाठी नवी गाडी घ्यायची काही गरज नाही.

खर्च विचाराल तर शेवटची, अकरा दिवसांची खेप पेट्रोल, बोटी, राहणं, खाणं धरून ३८,००० रुपयांत झाली. आंबे वेगळे.

बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत. चारही खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, आणि ते झालेच पाहिजेत. रात्री कुणाला ठेच लागली, बाळंतपण अडलं, तर बोटीची वाट बघत बसायचं का? पण डिसेंबरात बागमांडल्याहून वेसवीला जाताना त्या खांबांजवळून बोट गेली तेव्हा यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांनी ही खाडी तरीतून, म्हणजे लहान होडीतून पार केली होती, लग्नासाठी मुलगी बघायला. मग आम्ही दोघंही पलीकडचा धक्का येईपर्यंत कठड्याला टेकून उभे राहिलो.

पुढची खेप नोव्हेंबरात, मालवण ते रेडी. वहीत लिहून झाली आहे. अष्टमीला निघतोय.