एअर रायफलचं 690 रुपयांचं मॅगझिन मला पडलं 16,240 ला

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बीकॉम झालोय, पतसंस्थेत पंधरा वर्षं काढलीत, ओटीपी कुणाला देऊ नका हा कागद काऊंटरवर मीच चिकटवलेला आहे. तरी फसलो. का फसलो ते लिहितो म्हणजे अजून चार जण वाचतील, हसायचं त्यांनी हसून घ्या.

2024 ला आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या मुलीच्या डोक्यात शूटिंग बसलंय. आता आमच्या खाडीपट्ट्यात कुठली आलीय रेंज, पडवीपासून गोठ्यापर्यंत टेप लावून बरोबर दहा मीटर भरले, तिथे चिऱ्याची भिंत रचून पुठ्ठा लावला. एका ओळखीच्याकडून सेकंडहँड पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल) घेतली, 4.5 एमएम, सोबत गोल फिरणारं दहा छर्‍यांचं एकच मॅगझिन. दुकानात ओरिजिनल मॅगझिन 2,400 ला एक. आणि मग व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर हा भेटला, 690 ला एक, "सेम फॅक्टरीचा माल सर, फक्त पॅकिंग वेगळं".

पाच घेतली. 3,450 आणि कुरियर 180, म्हणजे 3,630, सगळे आधी, कॅश ऑन डिलिव्हरी नाहीच म्हणाला.

आता ती जागा, जिथे मला कळायला हवं होतं. मी व्हिडिओ मागितला. त्याने पाठवला. मनगटाला लाल दोरा बांधलेला एक हात, हातात मॅगझिन, बोटाने चक्र फिरवतोय टिक टिक टिक, खाली भगव्या फुलाफुलांचं टेबलक्लॉथ. बस. त्यात बंदूकच नव्हती! एकसुद्धा छर्रा नव्हता! अरे मॅगझिन विकतोस तर बंदुकीत घालून दाखव ना, दहा छर्रे भर, दहा मार, अर्ध्या मिनिटाचं काम. हे मला रात्री तीन वाजता अंथरुणात सुचतं, तेव्हा नाही सुचलं. तेव्हा मी काय लिहिलं माहितीय? "छान आहे." आणि वर अंगठा.

आमचे मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर, ते म्हणालेसुद्धा, "अरे कारगिलला थंडीने इन्सास रायफलची प्लास्टिकची मॅगझिनं तडकायची म्हणून बोंब होती, तू हे काय खेळणं मागवतोयस." मी त्यांनाच शिकवलं की मामा आता प्लास्टिक सुधारलंय. सुधारलंयच, ते खोटं नाही, चांगल्या कंपन्या काचेचे तंतू घातलेलं नायलॉन वापरतात आणि माझं ओरिजिनलपण प्लास्टिकचंच आहे. पण प्लास्टिक प्लास्टिकमध्ये फरक असतो हे कळायला माझे पैसे लागले.

पार्सल मे अखेरीस आलं. बॉक्स हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. तेव्हा आंब्याची शेवटची तोड चालू होती, मग पाऊस लागला, मी दोन मॅगझिनं बाहेर काढली आणि बाकीची तशीच कपाटात ठेवली. (ही चूक. माल आला की त्याच दिवशी फोडा, फोडतानाचा व्हिडिओ काढा, सलग, कट न करता.) जुलैत उघडीप मिळाली तेव्हा लावून बघितलं. पहिल्याचं चक्र नीट जागेवर थांबतच नव्हतं, भोक बॅरलच्या समोर केसभर तिरकं, त्यामुळे प्रोब (छर्रा बॅरलमध्ये ढकलणारी दांडी) छर्‍याला सरळ ढकलायच्या ऐवजी त्याचा स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, एका बाजूने चेपायचा. दहा मीटरवर छर्रे एका जागी पडणं कसलं, पुठ्ठ्यावर कांजण्या आल्यासारखं दिसत होतं. दुसर्‍याची ओ-रिंग (छर्रे धरून ठेवणारी रबरी कडी) इतकी ढिली की मॅगझिन तिरकं केलं की छर्रे खाली. तिसर्‍याची वरची पारदर्शक चकती स्क्रूपाशी तडकली, मी जोर लावला नव्हता. चौथ्यातली स्प्रिंग गंजलेली! कपाटात! आमच्याकडे खार्‍या हवेत चष्म्याचा स्क्रू गंजतो हे मान्य, पण ओरिजिनलची स्प्रिंग त्याच कपाटात त्याच पावसात ठणठणीत आहे. पाचव्याने चक्र अर्धवट फिरवलं, लेकीने बोल्ट परत ओढला, छर्‍यावर छर्रा बसला आणि बॅरल जाम. कारागिराला पाठवली, बॅरल साफ, प्रोबची ओ-रिंग नवी, जाण्यायेण्याचं कुरियर धरून 1,850.

आणि वर तिचे कोच फोनवर शांतपणे म्हणतात, "दहा मीटर मॅचला मॅगझिन लागतच नाही, एक एक छर्रा हाताने भरतात, सिंगल ट्रे लावा." हे मला मे महिन्यात कोणी का नाही सांगितलं? विचारलं नाही मी, खरंय.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणे तुम्ही तेल लावलं असणार. मी लावलं नव्हतं. म्हणजे एकाला लावलं होतं, शिलाई मशीनचं, पण जी चकती तडकली त्याला नाही. (लावू नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही टिपूसभर, थिनर तर अजिबात नको.) मग एकदम गोड झाला, सर रिफंड देतो, अकाऊंटवाला मेसेज करेल. मेसेज आला, क्यूआरचा फोटो, पिन टाका, 3,630 जमा होतील. लाईट गेलेली, नेटवर्क फक्त गडग्यावर उभं राहिलं की येतं, वरून पाऊस, फोन सहा टक्के, घरातून जेवायला हाका. टाकला पिन. 3,630 गेले. "सर्व्हर एरर आहे सर, परत करा, दोन्ही एकदम येतील." परत टाकला. परत 3,630 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे मी काऊंटरवर म्हातार्‍या माणसांना समजावतो हो.

तीन दिवस लाजेने गप्प बसलो. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन त्याच रात्री करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी चौथ्या दिवशी केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलाय." पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "रायफल? लायसन कुठाय?" मी फसलोय साहेब. "ते बघू, माकडं मारता काय?" 4.5 एमएम आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल, 2016 च्या शस्त्र नियमांत लायसन लागत नाही, प्रिंट काढून नेली होती, ती वाचायच्या ऐवजी त्यावर चहाचा ग्लास ठेवला. मॅगझिनचं म्हणाले हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा. क्यूआरचं म्हणाले जिल्ह्याला सायबरला जा. सायबरला एसटीने अडीच तास, तिथे म्हणाले अर्ज आधी तुमच्या ठाण्यातूनच यायला हवा. परत ठाण्यात, तर "आता गणपतीचा बंदोबस्त आहे, विसर्जनानंतर या." विसर्जनानंतर गेलो, अंमलदार बदललेले, पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा लायसन कुठाय! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं छान, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि पार्सलवरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र "असा इसम येथे राहत नाही" म्हणून परत आलं. म्हणून सांगतो, बिल मागा, जीएसटी नंबर मागा, नाही म्हणाला की तिथेच सोडा.

हिशोब: 3,630 तीनदा म्हणजे 10,890. कारागीर 1,850. राहिले 3,500, ते मी घरात अजून सांगितलेले नाहीत. मेमध्ये तो म्हणाला होता, सर तुम्ही कोकणातले, हापूस खाऊ घाला की, पुढच्या ऑर्डरीत ॲडजस्ट करतो. 700 डझनाने पाच डझनाची पेटी मी स्वतः पेंढा घालून भरून पाठवली. निवडून.

परवा दुसर्‍या एका ग्रुपवर, दुसर्‍या नंबरवरून, तोच व्हिडिओ आला. लाल दोरा, भगवं टेबलक्लॉथ, टिक टिक टिक. आता 590 ला देतोय.